अग्रमान कोणाचा? उमापूरचे नाव, जुनी दप्तरे आणि नवी शोधयंत्रे

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेकडील काळ्या रानातून अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेकडे जाऊ लागले म्हणजे उमापूर लागते. महसुली मंडळाचे ठिकाण, आजूबाजूला कापसाची आणि उसाची शेते, चकलांब्यासारखी शेजारची गावे. मराठवाड्यातील अशा अनेक गावांपैकी हे एक असून शालेय इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव येत नाही. नेमक्या याच कारणासाठी एका आधुनिक प्रश्नाची परीक्षा पाहण्यास हे गाव फार सोयीचे आहे. शोधयंत्रात एखादे नाव घातले असता, म्हणजे आजच्या बोलीत गुगलला विचारले असता, ते क्षणार्धात संकेतस्थळांची एक उतरंड पुढे मांडते. त्या उतरंडीत पहिला मान कोणत्या जातीच्या संकेतस्थळांना मिळतो, तो कशाच्या बळावर मिळतो आणि त्या मानकऱ्यांना त्या नावाची खरोखर कितपत ओळख असते, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता तो यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु पुढे कोणी बसावे आणि कोणाच्या शब्दाला वजन द्यावे, हा वाद आपल्या गावगाड्याला यंत्रे येण्यापूर्वी कित्येक शतके ठाऊक होता, आणि त्याच्या निवाड्याच्या रीती ज्याने पाहिल्या आहेत त्याला शोधयंत्राचा न्याय मुळीच परका वाटणार नाही.

गावांची नावे एकत्र जुळवून क्रमाने लावण्याची रीत आपल्याकडे वसुलीच्या पोटी जन्मास आली. परगण्यातील गावांची यादी, म्हणजे देहझाडा, देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरी असे; कसबा कोणता, मौजे किती, खालशाकडे काय, जहागिरीत काय, इनामात काय आणि बेचिराख पडलेले कोणते, एवढेच तीत पाहिले जाई. यादी करणारास गावाविषयी जिज्ञासा नव्हती. गावाकडून येणे किती आणि ते कोणाच्या खात्यात जमा व्हावयाचे, हीच त्याची विवंचना असे. तेव्हा जे गाव दप्तरात ठळक दिसे ते सरकारच्या उपयोगाच्या प्रमाणात ठळक दिसे, आणि ज्या गोष्टींवर कर नव्हता त्या गोष्टी, मग ते गावचे गाणे असो, विहिरीचा इतिहास असो वा दुष्काळात कोणी कोणास जगविले ही हकीकत असो, त्या यादीच्या बाहेरच राहत.

वसुलीच्या यादीहून निराळी, आणि आपल्या विषयास अधिक जवळची अशी दुसरी संस्था म्हणजे महजर. वतनाचा, शिवेचा किंवा मानपानाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार यांच्या समक्ष वादी-प्रतिवादींचे म्हणणे ऐकून निर्णयाचा कागद होई, आणि त्या कागदाखाली हजर असणाऱ्या सर्वांची साक्ष घातली जाई. असा कागद जवळून पाहण्यासारखा असतो. वरच्या अंगास अधिकाऱ्यांचे शिक्के. त्याखाली लिहिता येणाऱ्यांचे दस्तुर. आणि पुढे ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्या निशाण्या, पाटलाच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या नावापुढे आरसा आणि बाकीच्या बलुतेदारांच्या नावांपुढे ज्याच्या त्याच्या हत्याराचे रेखाटन. या साक्षी नुसत्या मोजल्या जात नसत, त्या तोलल्या जात. देशमुखाच्या शिक्क्याचे वजन निराळे, उपऱ्याच्या साक्षीचे निराळे. आणि ज्याच्या बाजूने पंचक्रोशीतील वजनदार वतनदार उभे राहिले त्याचा पक्ष बहुधा वरचढ ठरे. पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिला बैल कोणाचा जावा, होळीची पहिली पूजा कोणी करावी, विडा प्रथम कोणास द्यावा, असल्या तंट्यांनी पेशवे दप्तराचे रुमाल भरलेले आहेत, याचे कारण हेच की अग्रमान ही शोभेची वस्तू नसून हक्काची होती, आणि एकदा कागदावर मिळालेले स्थान पुढील पिढ्यांचा पुरावा बनत असे.

या जुन्या व्यवस्थेनंतर जी छापील साधने आली त्यांनी उमापूरसारख्या गावांच्या नशिबी एक विचित्र विषमता लिहून ठेवली. सीमेपलीकडचे शेवगाव आणि नगर (आजचे अहिल्यानगर) ही इंग्रजांच्या मुलखात, तर गेवराई आणि बीड ही निजामाच्या राज्यात. मध्ये डोंगर नाही की समुद्र नाही, तरी दोन्हीकडची दप्तरे दोन जगांची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेतील अहमदनगर जिल्ह्याचा सतरावा खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात तेथील माती, पिके, जाती, बाजार, देवळे व इतिहास यांचे सविस्तर वर्णन इंग्रजीत छापले गेले. सीमेच्या अलीकडे निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ साली जिल्हाबंदी करून महसुलाची घडी बसविली खरी. परंतु कारभाराची भाषा प्रथम फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून उर्दू, गावकुलकर्ण्याचे लेखन मोडीत, आणि छपाईचे काम तुलनेने तोटके. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाचा शेवट झाला, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने या जिल्ह्याचे गॅझेटियर १९६९ साली प्रसिद्ध केले, आणि तेही इंग्रजीत ‘भीर’ या जुन्या वर्णलेखनाखाली. अर्थात नगरकडील गावांच्या मानाने बीडकडील गावे छापील जगात पंच्याऐंशी वर्षे उशिरा दाखल झाली. हा उशीर केवळ ग्रंथालयाच्या कपाटापुरता राहिला असता तर त्याचे दुःख मानण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याच्याविषयी अगोदर छापले गेले त्याच्याविषयीच पुढे अधिक छापले जाते, हा लेखनव्यवहाराचा नियमच आहे.

मराठी विद्वानांनी या काळात शोधाची जी साधने निर्माण केली त्यांचा येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार करून ती १९४३ साली प्रसिद्ध केली. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोशाचे खंड १९७६ पासून बाहेर पडू लागले. या साधनांचा क्रम अकारविल्हे किंवा विषयवार असे. अकारविल्हे क्रमात एक मोठा न्याय आहे: आंबेजोगाई प्रथम येते ती ‘आ’ मुळे, प्रतिष्ठेमुळे नव्हे, आणि उमापूरने उस्मानाबादच्या मागे-पुढे बसण्यास कोणाची हरकत नसते. कोशकाराचा पक्षपात झालाच तर तो निवडीत होतो, क्रमात होत नाही. आणि निवड करणारा मनुष्य नावानिशी जबाबदार असल्यामुळे त्यास जाब विचारता येतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा खुली केली, त्या सुमारास त्या जाळ्यात शोध घेण्याच्या दोन रीती प्रचलित झाल्या होत्या. एक याहूची: १९९४ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी हाताने संकेतस्थळांची वर्गवारी आरंभिली होती, आणि ती मूलतः ग्रंथपालाचीच रीत होती. दुसरी, १९९५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टासारख्या यंत्रांची: यंत्राने पानेच्या पाने वाचून शब्दांची सूची करावयाची, आणि विचारलेला शब्द ज्या पानावर ठळकपणे व वारंवार येईल ते पान वर आणावयाचे. पहिल्या रीतीस जाळ्याच्या वाढीपुढे हात टेकावे लागले. दुसऱ्या रीतीची फसगत करणे अगदीच सोपे निघाले. कारण एकच शब्द पानावर शेकडो वेळा, प्रसंगी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात, लिहून ठेवला की यंत्र त्या पानास पंडित समजे. आपल्याविषयी आपणच दिलेली साक्ष कोणत्याही गोतसभेने मानली नसती. यंत्राने ती मानली, आणि त्याचे फळ त्यास मिळाले.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोघा संशोधक विद्यार्थ्यांनी १९९६ पासून स्टॅनफर्डमध्ये जो प्रयोग चालविला, व ज्यातून १९९८ साली गुगल ही कंपनी जन्मली, त्याचे मर्म एवढेच की पान स्वतःविषयी काय सांगते यापेक्षा इतर पाने त्याच्याविषयी काय करतात हे पाहावे. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जो दुवा दिलेला असतो ती एक साक्ष समजावी. परंतु साक्षी नुसत्या न मोजता साक्षीदाराचे वजन पाहावे. आणि साक्षीदाराचे वजन त्याच्या बाजूने ज्यांनी साक्ष दिली त्यांच्या वजनावरून ठरवावे. शिवाय ज्याने दोघांचीच शिफारस केली त्याचा निम्मा भार प्रत्येकाच्या पदरात पडावा, आणि ज्याने शंभर जणांची केली त्याचा शंभरावा हिस्साच प्रत्येकास मिळावा, असा या गणिताचा नियम आहे. ही कल्पना अगदी आकाशातून पडली असेही नाही. शास्त्रीय निबंधांत कोणी कोणाचा आधार दिला याची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता, आणि ज्याचा आधार अधिक विद्वान घेतात तो निबंध वजनदार, हे तत्त्व विद्यापीठांत रुळले होते. आम्हांस मात्र त्या गणितात महजराखालच्या शिक्क्यांचा व निशाण्यांचा हिशेब दिसतो. फरक आहे तो एकाच ठिकाणी, आणि तो फार मोठा आहे. गोतसभेत साक्षीदार हजर असे, त्याच्या हाती बेलभंडार दिला जाई, खोटे बोलल्यास बेचाळीस पिढ्या नरकात जातील असा धाक त्याच्यापुढे असे. दुवा देणाऱ्यास कोणी शपथ घालीत नाही, आणि त्याने तो का दिला हेही कोणी पुसत नाही. म्हणून या रीतीने जे वर येते ते सत्य असेल असे नाही. ते प्रतिष्ठित असते. प्रतिष्ठा आणि सत्य यांची बहुधा सोबत असते, पण नेहमी असतेच असे नाही.

बनावट सनदा आणि बनावट महजर जसे जुन्या काळी निर्माण झाले तसेच बनावट दुवेही निर्माण झाले. दुवे विकत घेण्याचा व्यापार उभा राहिला. लोक काय विचारतात ते पाहून त्या शब्दांभोवती पोकळ मजकूर रचून ठेवणारी, आणि त्यावर जाहिराती लावणारी, संकेतस्थळे उदंड झाली. गुगलने २०११ साली पोकळ मजकुरावर आणि २०१२ साली विकतच्या दुव्यांवर जे उपाय योजले त्यांना पांडा आणि पेंग्विन अशी प्राण्यापक्ष्यांची नावे मिळाली. २०१५ साली मोबाइलवर नीट न दिसणारी पाने मागे पडू लागली. आणि २०२४ च्या मार्चमध्ये, यंत्राकरवी किंवा अन्य रीतीने केवळ वर येण्यासाठी घाऊक मजकूर निपजविणे हाही अपराध ठरविण्यात आला. आजमितीस क्रम ठरविताना दुव्यांखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी विचारात घेतल्या जातात: पानाचा विषय प्रश्नाशी किती जुळतो, लेखकास त्या विषयाचा अनुभव व अधिकार आहे की नाही, मजकूर ताजा आहे काय, विचारणारा कोठे बसला आहे. तथापि या साऱ्या फेरफारांनंतरही वरच्या पंक्तीचे मानकरी फारसे बदललेले नाहीत. माहितीच्या प्रश्नाला विकिपीडिया व अन्य कोश. कायदा, योजना आणि आरोग्य यांच्या प्रश्नाला शासकीय व मोठ्या संस्थांची स्थळे. घडामोडीच्या प्रश्नाला नावाजलेली वृत्तपत्रे. खरेदीच्या प्रश्नाला मोठमोठ्या बाजारपेठा, आणि त्यांच्याही वर पैसे मोजून बसलेल्या जाहिराती. पाहण्याच्या प्रश्नाला यूट्यूब. आणि दुकान किंवा दवाखाना शोधणाऱ्यास नकाशा. ज्यांच्याकडे सर्वजण बोट दाखवतात ते पुढे, आणि ते पुढे आहेत म्हणून सर्वजण पुन्हा त्यांच्याकडेच बोट दाखवतात.

मराठीच्या वाट्याला या पंक्तीत आरंभी पाटसुद्धा आला नव्हता, आणि त्यास परकीयांपेक्षा आपली सोयच अधिक कारणीभूत झाली. छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून संगणक आले तेव्हा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा निरनिराळ्या टंकांत बसविला जाई. डोळ्यांना ती देवनागरी दिसे. परंतु यंत्राच्या पोटात साठविलेली असत ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे, ज्यांवर त्या टंकाने देवनागरीचे वस्त्र पांघरलेले असे. टंक काढून घेतला की ‘उमापूर’ या चार अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची माळ उरे, आणि एका टंकातली माळ दुसऱ्या टंकातल्या माळेशी जुळत नसे. वास्तविक देवनागरीला १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच स्थान मिळाले होते, आणि त्याचा पाया आपल्याच देशात सिद्ध झालेल्या भारतीय संकेतप्रणालीवर घातलेला होता. तरी ते नित्याच्या लेखनात उतरण्यास दशकाहून अधिक काळ लागला. तोपर्यंत वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर जे छापले गेले ते शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, वृत्तपत्रे हळूहळू युनिकोडकडे वळली, पुढे विश्वकोशही जाळ्यावर आला, तेव्हा कोठे मराठी शब्द विचारणाऱ्यास मराठीत उत्तर मिळण्याचा संभव निर्माण झाला. ज्यांनी लवकर युनिकोड स्वीकारले ते मराठी पंक्तीत पुढे बसले. त्यांचा मजकूर अधिक चांगला होता असे नव्हे, तो वाचता येत होता.

आता उमापूरकडे परत येऊ. ज्या गावाविषयी स्वतंत्र ग्रंथ नाही, ज्याच्याकडे फारसे कोणी बोट दाखवीत नाही, त्याचे नाव विचारले असता शोधयंत्राची अडचण होते. पान रिकामे सोडणे त्याच्या स्वभावात नाही, म्हणून जे सापडेल ते क्रमाने लावणे त्यास भाग पडते. अशा गावांच्या नावाभोवती जी पाने जमतात त्यांच्या ठराविक जाती आहेत. पहिली, २०११ च्या जनगणनेतील गावनिहाय आकडे उचलून त्यांची लक्षावधी पाने तयार करणाऱ्या खाजगी स्थळांची: कुटुंबे इतकी, स्त्रिया इतक्या, साक्षर इतके, आणि बाकीची वाक्ये उमापूरला जशी तशीच दुसऱ्या कोणत्याही गावाला. दुसरी, पिनकोड आणि बँक शाखांचे क्रमांक सांगणाऱ्यांची. तिसरी, विकिपीडियावरील दोन-चार ओळींच्या टाचणांची, ज्यांत गाव कोणत्या तालुक्यात आहे याच्यापुढे बहुधा मजल जात नाही. चौथी, नकाशे व हवामान यांची. पाचवी, वृत्तपत्रांची, आणि यांत गावाचे नाव येते ते बहुतकरून एखादा गुन्हा घडल्यावर, निवडणुकीत गटाचा निकाल लागल्यावर, अथवा चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून मंडळात अतिवृष्टीची नोंद झाल्यावर. देहझाड्यात गाव वसुलीपुरते होते. येथे ते आकड्यापुरते आणि आपत्तीपुरते आहे. त्यातही बिदर जिल्ह्यात बसवकल्याणकडे दुसरे उमापूर असल्यामुळे एकाच्या दारी दुसऱ्याचे टपाल पडण्याचा धोका आहे तो वेगळाच, कारण यंत्राला नाव ठाऊक असते, शीव ठाऊक नसते.

याच तालुक्यातील राक्षसभुवनशी तुलना केली म्हणजे या न्यायाची कार्यपद्धती स्पष्ट दिसते. गोदातीरावरील त्या क्षेत्री १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला; शिवाय शनीच्या साडेतीन पीठांत त्या स्थानाची गणना होते. बखरींपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत आणि यात्रेकरूंच्या माहितीपासून ज्योतिषाच्या पानांपर्यंत सर्वांनी त्याचा निर्देश केलेला असल्यामुळे ते नाव विचारणाऱ्यापुढे आकड्यांच्या आधी हकीकत येते. उमापूरची माती राक्षसभुवनच्या मातीहून कमी जुनी आहे असे कोण म्हणेल? पण एकाचे साक्षीदार लिहिणारे निघाले, दुसऱ्याचे बोलणारेच राहिले.

खरे नवल पुढेच आहे. उमापूरविषयीचा सर्वांत अस्सल, सर्वांत बारीक आणि रोजच्या उपयोगाचा मजकूर जाळ्यावर आहेच, आणि तरीही शोधयंत्रास तो दिसत नाही. राज्य शासनाच्या भूलेख संकेतस्थळावर जाऊन जिल्ह्यांच्या यादीतून बीड, तालुक्यांच्या यादीतून गेवराई आणि गावांच्या यादीतून उमापूर निवडावे, गट क्रमांक घालावा, चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरावी, म्हणजे सातबारा उघडतो: खातेदार कोण, क्षेत्र किती, जिरायत किती, बोजा कोणाचा, विहीर आहे की नाही. १ मे २०१८ पासून त्यावर तलाठ्याची डिजिटल सही मिळण्याची सोयही झाली. परंतु पाने वाचीत फिरणारे यंत्र याद्यांतून निवड करीत नाही आणि वेडीवाकडी अक्षरे भरीत नाही. त्यामुळे त्या दाराशी त्याची फेरी संपते. खाजगी जमिनीच्या नोंदी अशा दाराआड असाव्यात यात शहाणपण आहे, तक्रार नाही. मात्र परिणाम असा होतो की ज्या दप्तराला गाव गटागटाने ठाऊक आहे ते पंक्तीच्या बाहेर, आणि ज्याने जनगणनेचे आकडे उतरून काढले तो पाटावर.

जुन्या दप्तरांची गत याहून बिकट आहे. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील तहसिलांतून आणि थेट हैदराबादेतून निजामी काळचे व इतर जुने कागद बाहेर निघाले: खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्ममृत्यूची गावनमुना चौदाची रजिस्टरे, कोतवाल बुके, कोणी मोडीत, कोणी उर्दूत. त्या निमित्ताने मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची जी टंचाई भासली ती आमच्या पिढीला लाजविणारी होती. या कागदांची छायाचित्रे घेतली गेली हे उत्तम झाले. परंतु कागदाचे छायाचित्र म्हणजे यंत्राच्या लेखी एक चित्र, आणि मोडीतले गावाचे व माणसाचे नाव त्यात असले तरी ते कोणी वाचून देवनागरीत उतरून ठेवल्याखेरीज विचारणाऱ्याला सापडावयाचे नाही. लिप्यंतर करणारा मनुष्य आजही या साखळीतील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्मिळ दुवा आहे.

अलीकडे आणखी एक स्थित्यंतर घडले आहे. २०२४ पासून भारतातही अनेक प्रश्नांची उत्तरे शोधयंत्र स्वतःच गोषवारा करून सर्वांत वर देऊ लागले असून संकेतस्थळांची उतरंड त्याखाली सरकली आहे. म्हणजे आता अग्रमान उतरंड लावणाऱ्या कारकुनाने स्वतःकडेच घेतला. पण कारकुनाजवळ स्वतःचे ज्ञान नाही. पंक्तीत जे बसले आहेत त्यांच्याच कागदांवरून तो बोलतो. कागद थोडे आणि एकमेकांवरून उतरलेले असतील, तर एकाची चूक दहा ठिकाणी झळकेल, आणि दहा ठिकाणी आहे म्हणून ती खरी मानली जाईल. मोठ्या शहराच्या बाबतीत अशा चुकीला प्रतिवाद करणारे पुष्कळ भेटतात. लहान गावाच्या बाबतीत प्रतिवाद करणारा कागदच नसतो.

तेव्हा शोधयंत्र अन्याय करते, असे म्हणून स्वस्थ बसण्यात अर्थ नाही. त्याचा न्याय गोतसभेच्या न्यायासारखाच आहे: साक्ष ज्याची, पक्ष त्याचा. जो हजर राहिला नाही त्याच्या वतीने कोणी बोलत नाही. उमापूरला, आणि उमापूरसारख्या सर्व गावांना, पंक्तीत आपल्या नावाजवळ आपणच बसावयाचे असेल तर त्यासाठी करावयाच्या गोष्टी फार मोठ्या खर्चाच्या नाहीत. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने गावची माहिती युनिकोड देवनागरीत, चित्र न करता अक्षरांत, तालुक्या-जिल्ह्याच्या नावासह लिहावी. बाजार कोणत्या वारी भरतो, शाळा केव्हा निघाली, १९७२ च्या दुष्काळात कोठे काय काम चालले, देवळाची व दर्ग्याची यात्रा केव्हा असते, वाड्या-वस्त्यांची नावे कशी पडली, हे ज्यांना आठवते त्यांच्या तोंडून उतरून घ्यावे आणि सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचा निर्देश करावा. विकिपीडियावरील टाचणात आधारासह भर घालावी. शेजारच्या गावांनी एकमेकांच्या पानांचे दुवे द्यावेत, कारण शेजाऱ्याची साक्ष ही जुन्या न्यायातही पहिली होती आणि नव्यातही आहे. जुन्या घरात मोडी कागदांचा रुमाल असेल तर तो वाचणाऱ्याच्या हाती देऊन त्याची देवनागरी प्रत करून घ्यावी. हे काम पुण्या-मुंबईचा कोणी संशोधक येऊन करील म्हणून वाट पाहू नये; गावात आज मोबाइल बाळगणारा प्रत्येक विद्यार्थी ते करू शकतो, आणि ज्यांच्या आठवणी उतरून घ्यावयाच्या आहेत त्या माणसांची वये पाहता ते याच वर्षी सुरू करणे इष्ट आहे.